पांदणीवरच्या साखळ्या

८ जुलै, मंगळवार

बाबांना आज बाजेवर नेलं. जित्या माणसाला बाजेवर!

ग्यानबाकाकांचा ट्रॅक्टर सकाळीच आमच्या वळणावर रुतला. मागचं चाक जागच्या जागी फिरत राहिलं आणि पार पोटापर्यंत खाली गेलं. मग बाज काढली. ग्यानबाकाका, त्यांचे दोन गडी आणि चौथ्या पायाला मी. माय छत्री धरून बाजूनं. चिखल गुडघ्याइतका. माझी एक चप्पल कुठं राहिली ते कळलंच नाही.

बाबा डोळे मिटून पडलेले. फाट्याला डांबरी लागली तसे उठून बसले आणि म्हणाले, "लोकायनं पाह्यलं असंल तर काय समजले असतील."

ऑटोवाला थांबला होता. हिंगोलीला उशिरा पोचलो, तरी सिस्टरनी डायलिसिसच्या मशीनवर घेतलं. चांगल्या आहेत त्या.

९ जुलै

खांदा उचलत नाही. पाऊस चालूच.

११ जुलै, शुक्रवार

आज गडी आले नाहीत. शेतात त्यांचीही कामं आहेत, रोज रोज कोण येणार? बाबा म्हणाले, चालतो. मी एकीकडून, माय दुसरीकडून. अर्ध्या वाटेत ते मटकन खाली बसले. चिखलातच. मायनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "बसा जरा, घाई न्हाई," म्हणाली — जसं काही ओट्यावरच बसलोत.

ह्या पांदणीचा मला इतका राग येतो! साखरा गावच्या डांबरीपासून आमच्या आखाड्यापर्यंतचा, शेतातल्या घरापर्यंतचा तुकडा. उन्हाळ्यात सायकलवर पोरं खेळत येतात. पावसाळ्यात बैलसुद्धा नको म्हणतो. काळी माती नुसती. पायाला लागली की सोडत नाही.

सिस्टर म्हणाल्या, "राणी, खाडा करू नकोस. तुझ्या बाबांना लघवी होत नाही. पाणी सगळं आतच साठतं. एक पाळी चुकली तर सूज, दोन चुकल्या तर छातीत पाणी." मला हे माहीत आहे. मेडिकलवर दोन वर्षं काम केलंय मी. माहीत असून काय उपयोग, रस्ता कुठून आणू?

१३ जुलै

दादाला फोन केला. सगळं सांगितलं. एरवी मी लपवते. आज नाही लपवलं.

तो म्हणाला, "आता हितं गिऱ्हाईक कमीच हाय. येऊन राहिलो मी."

धम्मदीपदादा मनालीकडं एका हॉटेलात असतो. गेला होता एका टूरवाल्याबरोबर स्वयंपाकी म्हणून. यात्रेकरूंना पिठलं-भात करून घालायचा. तिथंच राहिला. दर हिवाळ्यात हॉटेलच्या दारातला बर्फ काढतो. मायला अजून समजत नाही की बर्फ काढायला माणूस कशाला लागतो. "वितळून जाईल की आपोआप," म्हणते.

१९ जुलै, शनिवार

दादा आला! खांद्यावर पोतं. वाळला आहे, गाल काळे पडलेत. बाबांच्या पायाला हात लावला आणि तसाच बसून राहिला. बाबांच्या डाव्या हातावर नस फुगलेली असते — मशीनची सुई टोचायची जागा. दादानं त्यावर बोट ठेवलं. ती नस थरथरते. दादानं ते पहिल्यांदाच पाहिलं. झटकन हात मागं घेतला.

मग पोतं ओतलं. खण्णकन आवाज! मायनं कानावर हात ठेवले. लोखंडी साखळ्या. चाकाला गुंडाळायच्या. हॉटेलातल्या जुन्या, टाकून दिलेल्या.

ग्यानबाकाका बघायला आलेले. "आरं, लेकरू मनालीहून आलं तं मायला शाल आनल, सफरचंद आनल. हे काय आनलं, बैलाचे साखळदंड?"

"बर्फात गाडी घसरत न्हाई ह्याच्यानं."

"मंग हिंगोली जिल्ह्यात बर्फ पडंस्तवर ठिव सांभाळून!"

सगळे हसले. बाबासुद्धा थोडे हसले. कितीतरी दिवसांनी.

जेवताना दादानं सांगितलं. तिकडं सकाळी उठलं की दाराबाहेर कंबरेइतका पांढरा ढीग. एक चार चाकांची मोटरसायकल असते, एटीव्ही म्हणतात. तिला पुढं लोखंडी पातं लावलेलं आणि मागच्या चाकांना साखळ्या. पात्यानं बर्फ बाजूला लोटत जायचं. साखळी नसेल तर चाक नुसतं फिरतं, गाडी जागची हलत नाही.

"म्हंजी आमच्या ट्रॅक्टरावानी," बाबा म्हणाले.

"व्हय बाबा. बराबर तसंच."

२२ जुलै, मंगळवार

दोन दिवस उघडीप. ऑटो आखाड्याच्या थोडं अलीकडेपर्यंत आला. देवासारखा दिवस.

बाबांना पाणी मोजून प्यायचं असतं. तहान लागली की जीव कासावीस होतो त्यांचा. डॉक्टरनी सांगितलंय, बर्फाचा छोटा खडा तोंडात ठेवा. परत येताना रसवंतीवाल्याकडून एक खडा घेतला. बाबा तो जिभेवर घोळवत दादाला म्हणाले, "हाच का रं तुझा बर्फ?"

दादानं त्यांच्या हनुवटीवरचा थेंब पुसला.

२४ जुलै

फाट्यावर दस्तगीरचाचांचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांच्या शेडच्या मागं तसलीच एक चार चाकांची मोटरसायकल पडून आहे म्हणे! सिद्धेश्वर धरणावर कोणीतरी पोरांना फिरवायला आणली होती, धंदा चालला नाही. दुरुस्तीला म्हणून चाचांकडं टाकली ती टाकलीच. मालकानं पुन्हा तोंड दाखवलं नाही.

चाचा म्हणाले, "अरे बाबा, उसपर तो मुर्ग्या बैठती. ले जाव. किशनरावनं माझ्या घराचा पाया भरला, तवा एक ईट वाकडी बसू दिली न्हाई. त्यांच्यासाठी न्हाई म्हनू का मी?"

बाबा गवंडी होते. होते — असं लिहिलं आणि थांबले. आहेत. फक्त सुई टोचतात त्या हातानं आता वजन उचलायचं नाही.

२७ जुलै

गाडी चालू झाली! दादा आणि चाचा तीन दिवस तिच्यात डोकं घालून होते. चाचांनी जुना ड्रम उभा चिरून त्याचं पातं केलं. खालच्या कडेला ट्रकच्या कमानीची, स्प्रिंगची पोलादी पट्टी जोडली, झिजू नये म्हणून. आवाज भयंकर. म्हैस दावं तोडून पळाली. गावातल्या पोरांनी नावही ठेवलं — बेडूकगाडी.

१ ऑगस्ट, शुक्रवार

फजिती.

बाबांना पुन्हा धरून धरून नेलं, आणि परत आल्यावर दादानं गाडी पांदणीत घातली. साखळ्या लावल्या नव्हत्या. "आधी अशीच पाहू," म्हणाला. बाभळीपर्यंतसुद्धा गेली नाही. चाकं गरगर, चिखल सगळा त्याच्या पाठीवर. बांधावर दहा-बारा लोक. ग्यानबाकाकांनी बैल लावून ओढून काढली.

दादा विहिरीवर जाऊन बराच वेळ पाय धूत बसला. मी चहा नेला. म्हणाला, "राणे, तिकडं मी लय शाना हाय. हॉटेलवाला माझ्याबिगर गाडीला हात लावू देत न्हाई कुनाला."

"मग साखळ्या लाव की उद्या."

"लोक हसतील."

"हसले की आज. संपलं की हसून."

३ ऑगस्ट, रविवार

मुरूम लागला!

सकाळी साखळ्या चढवल्या. चाचांचा टायर थोडा लहान, दोन कड्या कापाव्या लागल्या. दादानं मला जवळ बसवून दाखवलं. साखळी आधी जमिनीवर सरळ अंथरायची, पीळ राहू द्यायचा नाही. टायरची हवा थोडी कमी करायची. वरून साखळी टाकायची, आतल्या अंगाचा हूक आधी, बाहेरचा नंतर. हुकाची तोंडं बाहेर, नाहीतर टायर कापतं. मग हवा भरायची की साखळी टाईट. थोडं चालवून थांबायचं आणि पुन्हा आवळायची. "दुसऱ्यांदा आवळायला कटाळला तो अडकला," दादा म्हणाला.

गाडी निघाली. चाक फिरलं, पण रुतलं नाही. साखळीनं चिखल धरला! कचकच आवाज करत पुढं. पातं थोडं उचलून, तिरकं. चिखल बाजूला पडायला लागला, पण पात्याला चिकटून त्याचा गोळाच व्हायचा. बर्फ चिकटत नाही, दादा वैतागला. मग चाचांनी जळकं ऑइल आणलं, पात्याला चोपडलं. मग सुटायला लागला.

बाबा बाजेवर बसून बघत होते. एकदम ओरडले — "वरल्या अंगाला नको लोटू! पुन्ना वाहून खाली येईल. खालल्या अंगाला लोट!" त्यांचा तो आवाज! बांधकामावरचा आवाज.

आणि वीतभर गाळ गेल्यावर खाली तांबडं दिसलं. फार वर्षांपूर्वी कुठल्या तरी योजनेत इथं मुरूम टाकला होता. शेतांतली माती वाहून येऊन तो गाडला गेला. आम्ही विसरूनच गेलो होतो. रस्ता होता! खालीच होता!

मी चिखलात बसून हातानं तो मुरूम चाचपला. वेडीसारखी.

५ ऑगस्ट, मंगळवार

बाबा बेडूकगाडीवर बसून फाट्याला गेले. मागं दादाला धरून. मी आणि माय पायी, पण कोरड्या पायानं. फाट्यावर उतरल्यावर बाबांनी गाडीच्या टाकीवर हात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.

१० ऑगस्ट

दादा मला चालवायला शिकवतोय. तो गेला की कोण चालवणार? माय म्हणते, "पोरीच्या जातीनं असं टांग टाकून बसावं का?" बाबा म्हणाले, "मंग मला तू नेतीस का?" विषय संपला.

दुपारी मात्र भांडण झालं. दादाचं म्हणणं, हिंगोलीला दवाखान्याजवळ खोली करा. पांदण नको, चिखल नको. बाबा म्हणाले, न्हाई. दादा म्हणाला, "तुमच्या हट्टापायी ही पोरगी मरून राहिली." बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. खरं सांगू का? मलाही खोली हवी आहे. पण मी तसं बोलले नाही.

बाबा म्हणाले, "आठवड्यातले दोन दिवस मी मशीनचा. बाकीचे पाच तरी माझ्या घरात काढू द्या."

१५ ऑगस्ट, शुक्रवार

रात्रीपासून ढगफुटीसारखा. वाटेतला ओढा पांदणीवर आला. पलीकडचं काही दिसत नाही. झेंड्याचा दिवस, पण दवाखान्यात मशीन चालू आहे — सिस्टरचा फोन. "पाणी जरासुद्धा देऊ नका. केळी, टोमॅटो बंद. उद्या या."

उद्या कसं येणार?

१७ ऑगस्ट

पाणी उतरत नाही. बाबांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो. चेहरा सुजलाय. आडवं झोपवलं की श्वास कोंडतो. भिंतीला टेकून बसूनच आहेत. माय त्यांच्या पाठीला पाठ लावून बसते, टेकू म्हणून. दोघंही डोळे मिटतात. झोपत कोणीच नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आता लिहिते.

उजाडताना ओढा उतरला. पांदण ओळखू येईना. आम्ही काढलेलं सगळं पुन्हा भरलेलं — गाळ, काडीकचरा, कोणाच्या तरी सोयाबीनची उपटलेली झाडं. बाबांच्या छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज. बाजेवर नेता येत नाही, आडवं होताच येत नाही त्यांना. खुर्चीवर बसवून चौघांनी उचललं, तर पहिल्याच वळणावर दोघं घसरले. माघारी आणलं.

दादानं साखळ्या चढवल्या. मी बाहेरचे हूक लावले. तो पुढं गाळ काढत गेला. थोडं पुढं, थोडं मागं. मी खोऱ्यानं कडेचा ढीग ओढत होते. ओढ्यापर्यंत वाट झाली तसं बाबांना मागं बसवलं. मायनं तिच्या लुगड्यानं त्यांना दादाच्या पाठीशी बांधलं.

ओढ्याच्या चढावर साखळी तुटली. एक आडवी कडी. सुटलेलं टोक पत्र्यावर खाडखाड आपटायला लागलं. दादानं गाडी बंद केली. गाडी हळूच मागं सरकायला लागली — ओढ्याकडं! मी चाकामागं दगड टाकला, मग दुसरा, मग स्वतःच टेकले. माय किंचाळली. थांबली गाडी.

चाचांना फोन लावला. ते फाट्यावरून पायी निघाले. पायजमा गुडघ्यावर, खिशात नट-बोल्ट, हातात पाना. चालता चालता दोनदा पडले. तोपर्यंत बाबा दादाच्या पाठीवर डोकं टेकून. ओठ निळे. मी त्यांच्या तोंडाशी कान नेला. ते म्हणत होते, "तकलीफ... लय तकलीफ दिली तुमाला."

चाचांनी तुटलेल्या कडीत बोल्ट घातला, आवळला. "हवा देख, हवा कमी कर, अजून बसंल," म्हणाले. मग त्यांनी आणि मी मागून रेटलं. साखळीनं धरलं. चढलो.

दवाखान्यात सरळ मशीनवर. ऑक्सिजन. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, बरं झालं.

चाचा फाट्यावरच थांबले होते. संध्याकाळी परत आलो तेव्हा कनीजचाची त्यांच्या गुडघ्याला हळद लावत होत्या.

२० ऑगस्ट

आहेत.

२३ ऑगस्ट

दादानं जाड कड्या आणल्या. चाचांनी सगळ्या कमकुवत आडव्या साखळ्या बदलल्या. बाबा स्टुलावर बसून उजव्या हातानं एकेक कडी ताणून बघतात. नापास झाली की बाजूला फेकतात.

३० ऑगस्ट, शनिवार

दादा गेला. हॉटेलवाल्याचे फोन चालू होते. जाताना बाबांपाशी बसला. दोघंही पांदणीबद्दल बोलत राहिले. चढाला दगड कुठं टाकायचे, पाणी कुठून काढून द्यायचं. दुसरं काहीच नाही. मी आतून ऐकत होते. वाटलं, आता बोलतील, आता बोलतील.

फाट्यापर्यंत मीच सोडलं त्याला. बेडूकगाडीवर. उतरल्यावर म्हणाला, "दुसऱ्यांदा आवळायचं विसरू नको."

"नाही विसरत."

"राणे —"

एसटी आली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पहिल्यांदा एकटीनं. पहाटे उठून आधी पांदण काढली, मग बाबांना नेलं. हँडलच्या हादऱ्यानं दंड सुजले. पण नेलं! वेळेवर!

९ सप्टेंबर, मंगळवार

आता रस्ता सगळेच वापरतात. दूधवाला, शाळेची पोरं. ग्यानबाकाका काल हळूच म्हणाले, "राणी, जमलं तं आमच्या वळनावरलं बी काढशील का?" मी म्हणाले, "बर्फ पडंस्तवर थांबा की काका!" ते खो-खो हसले. दादाला मारलेला टोमणा फिटला. वळण काढून दिलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बाबांच्या शेजारच्या खाटेवर कळमनुरीकडचे मुंजाजी असतात. दोघांची पाळी एकच. हळद कशी आली, पाऊस किती झाला, असं बोलतात. आज खाट मोकळी. सिस्टर नवी चादर अंथरत होत्या.

"मुंजाजी काहून न्हाई आला?"

"गावाला गेले असतील," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मशीनच्या नळीत त्यांचं रक्त फिरत होतं. मग छताकडं बघत म्हणाले, "त्याच्या गावचा रस्ता चांगला होता. डांबरी. दारापातुर."

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज मशीनवर पायात गोळे आले. बाबा कधी ओरडत नाहीत. आज ओरडले. मी तळपाय दाबत राहिले. परत येताना गाडीवर त्यांचा हात माझ्या खांद्यावर नुसता ठेवलेला, धरलेला नाही. दोनदा थांबून मागं वळून बघितलं.

"हाय मी," ते म्हणाले. "चाल."

२३ सप्टेंबर, मंगळवार

पुन्हा मोठा पाऊस. बातम्यांत सगळीकडं पूर. आमची पांदण मात्र तासाभरात मोकळी! दादा म्हणायचा तेच खरं — बर्फ साठू द्यायचा नाही, पडेल तसा काढायचा. मीही तेच करते. उघडलं की लगेच निघते. १९ ऑगस्टपासून एकही पाळी चुकली नाही. सिस्टर म्हणाल्या, "साखऱ्याची राणी पुरातसुद्धा येते, आणि हिंगोलीतले लोक खाडा करतात."

मला फार भारी वाटलं. घरी येऊन बाबांना पुन्हा एकदा सांगितलं. ते म्हणाले, "व्हय. तू हटनारी न्हाईस." आणि कूस बदलली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. माय पांढरं लुगडं नेसून विहारात गेली. मी बाबांपाशी. त्यांना अंघोळ घातली. अंग किती हलकं झालंय! सूज असते तेव्हा कळत नाही. पाठीचा एकेक मणका हाताला लागतो.

विहारातली वंदना लाऊडस्पीकरवर ऐकू येत होती. बाबा ओठ हलवत होते. संपल्यावर म्हणाले, "राणे, तुला मेडिकलवाला परत घ्यायला तयार हाय म्हने."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ग्यानबानं."

"बघू पुढं."

"पुढं म्हंजी कवा?"

मी टॉवेल पिळायला बाहेर गेले. असले प्रश्न कशाला विचारायचे?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पांदण वाळली. साखळ्या काढल्या, धुतल्या, ऑइल लावून पोत्यात ठेवल्या. ऑटो थेट दारात आला! बाबा ऑटोत बसायला लागले आणि क्षणभर थांबले. मला वाटलं चक्कर आली. पण ते नुसते दाराकडं बघत होते.

आज मशीनवर पूर्ण वेळ डोळे मिटून. सिस्टरनी विचारलं, "काका, काही त्रास?" "न्हाई बाई. तुमी लय चांगलं करून राहिल्या."

१९ ऑक्टोबर

दादाचा फोन. तिकडं वरच्या डोंगरांवर पहिला बर्फ पडला. बाबा बराच वेळ बोलले त्याच्याशी. मी भाकरी करत होते. त्यांनी फोन माझ्याकडं दिला तेव्हा दादा रडत होता.

"काय झालं?"

"काई न्हाई. सर्दी."

बाबांना विचारलं, काय बोलले? "बापलेकाचं बोलनं," म्हणाले, आणि बर्फाचा खडा मागितला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

अवकाळी! काढलेलं सोयाबीन भिजलं सगळ्यांचं. पांदण पुन्हा लोण्यासारखी. पोतं पुन्हा उघडलं. माय कपाळावर हात मारून हसली. हसूच आलं तिला.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पहाटे उठून पांदण काढली. इतकी चांगली कधीच निघाली नव्हती — दारापासून फाट्यापर्यंत तांबडा मुरूम, दोन्हीकडं गाळाची सरळ रेघ. साखळ्या पुन्हा आवळल्या. बाबांना मागं बसवलं. धुतलेलं धोतर, टोपी. वाटेत एकदा म्हणाले, "रस्ता लय बेस केलास."

फाट्यावर ऑटो उभा. मी हात दिला, तर उतरेनात.

"आटो माघारी लाव, राणे."

"काहून?"

"कुनी म्हनू नये, किशनराव चिखलात अडकून मेला. रस्ता हाय. मलाच जायाचं न्हाई आता. आज न्हाई, शुक्रवारी बी न्हाई. धम्मदीपला सांगितलंय मी."

मी बोलले. खूप बोलले. काय बोलले आठवत नाही. चाचा दुकानातून बाहेर आले आणि तिथंच थांबले. बाबा सगळं ऐकून घेत होते, उजवा हात माझ्या खांद्यावर. या वेळी घट्ट धरलेला. शेवटी म्हणाले, "रागानं न्हाई बेटा. थकलो. गाडी वळव."

मी वळवली.

माय अंगणात उभी होती. आम्हाला बघून घाईनं पुढं आली.

"का गं, काय इसरलं का?"